सायकसला आलेलं कणीस कापू नका

ताई, तुमचे दोन्ही फोटो पाहिले. पंधरा वर्षांच्या सायकसच्या मधोमध मक्याच्या कणसासारखं पिवळसर काहीतरी वर आलंय, माळीकाका म्हणतायत की झाड आता जाणार, कापून टाका. शेजारच्या काकू म्हणतायत की हे साबुदाण्याचं झाड आहे, फळं येतील. दोघांचंही चुकतंय.

माळीकाकांना दोष देत नाही. केळ, घायपात, कोकणातला भेरली माड, ही सगळी मंडळी एकदा फळली की संपतात. सायकस दिसतो माडाच्या भाऊबंदांसारखा, म्हणून त्यालाही तोच नियम लावला जातो. पण सायकस पाम नाहीच. पामला फुलं येतात, फळं धरतात. सायकसला ना फूल, ना फळ. शाळेत अनावृतबीजी वनस्पती शिकलो होतो ना, ज्यांचं बी फळात झाकलेलं नसतं, त्यातला हा. नातं सांगायचंच तर देवदार-चीडशी, तेही फार लांबचं. तुम्ही ज्याला कणीस म्हणताय तो त्याचा शंकू.

आणि तुमचं झाड नर आहे. पपईसारखं इथेही नर-मादी झाडं वेगळी. मादी असती तर मधे कोबीच्या गड्ड्यासारखा लोकरी, तपकिरी-पिवळा गोळा दिसला असता आणि पराग मिळाले तर पुढे त्यात नारिंगी बिया. नर शंकू काही आठवड्यांत पराग सांडतो, मऊ पडतो, एका बाजूला कलतो. त्याच्या कुशीतून नवा कोंब निघून झाड पुढे वाढतं. त्या वर्षी नवी पानं उशिरा आली किंवा आलीच नाहीत, तर घाबरू नका. माझ्या झाडाला पहिला शंकू आला तेव्हा मी घाईने सुरीने मुळापासून कापला, शेजारचा कोंब दुखावला आणि झाड वर्षभर बोडकं उभं राहिलं. पूर्ण सुकला की हातानेच हलवून काढा.

त्याला उग्र वास येईल, तो कीटकांसाठी आहे. सायकसच्या या गोतावळ्यात बऱ्याच जातींचे शंकू परागाच्या दिवसांत हवेपेक्षा चक्क गरम होतात. त्याने वास पसरतो, भुंग्यासारखे छोटे कीटक येतात आणि पराग मादीपर्यंत नेतात. पुढची गोष्ट मला आजही अचाट वाटते. पराग पोचल्यावर काही महिन्यांनी त्यातून पोहणारे शुक्राणू बाहेर पडतात, शेवाळ्या-नेच्यांसारखे. वनस्पतींमधले हे सगळ्यात मोठे शुक्राणू, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसतील असे. १८९६ साली जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हिरासे यांनी ते गिंको नावाच्या झाडात पाहिले आणि त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसमध्ये, म्हणजे तुमच्या अंगणात आहे त्याच जातीत. बी धरणाऱ्या झाडात असं काही असेल हे तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

बी हवं असेल तर मादी झाड शोधावं लागेल. बुंध्याजवळची पिल्लं काढून लावलीत तरी तीही नरच निघणार. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सायकडचं, म्हणजे सायकसच्या गोतावळ्यातल्याच एका जातीचं, तर याहून वाईट झालं: १८९५ मध्ये आजच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या जंगलात वनस्पतिशास्त्रज्ञ मेडली वुड यांना एकच नर झाड सापडलं, मादी आजतागायत नाही. जगभरच्या बागांत त्याची पिल्लं आहेत, सगळी नर.

नर्सरीवाले "डायनासोरच्या काळातलं झाड" म्हणून किंमत वाढवतात ते अर्धं खरं. या गटाचे अवशेष सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे गट त्याच्या चौपट जुना. पण २०११ मध्ये जनुकं ताडून पाहिली तेव्हा आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या निघाल्या. घराणं जुनं, माणसं नवी. शिवाय दगडातलं सायकससारखं दिसणारं सगळंच सायकस नसतं. झारखंडच्या राजमहाल टेकड्यांतल्या अवशेषांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनींनी १९३२ मध्ये विल्यम्सोनिया नावाचं झाड जुळवलं, ते हुबेहूब असंच दिसतं, पण तो गट वेगळा आणि पार नष्ट झालेला.

आता काकूंचा साबुदाणा. आपल्या उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या बाजूला बनतो. खरा सागो आग्नेय आशियातल्या एका पामच्या खोडातून निघतो. सायकसच्या खोडातही पीठ असतं, म्हणून इंग्रजीत त्याला सागो पाम म्हणतात, पण त्यात विष असतं. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर लोक ते खूप वेळा धुऊन, आंबवून खात. १९२० च्या दशकात ओकिनावात उपासमारीने हेच खावं लागलं, नीट न धुतल्याने माणसं दगावली. त्या काळाला तिथे 'सोतेत्सु नरक' म्हणतात, सोतेत्सु म्हणजे सायकस. तेव्हा काकूंना प्रयोग करू देऊ नका.

फोटोत कुत्रा दिसला म्हणून सांगतो. बिया सगळ्यात विषारी, त्या तुमच्याकडे येणार नाहीत, पण पानं आणि खोडही विषारीच. कुत्र्याने चावलंय असं वाटलं तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या. यकृतावर परिणाम होतो आणि तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

शंकूनंतर नवी पानं फुटतील तेव्हा पहिले आठ-दहा दिवस रोज सकाळी बघा. पाती नेच्यासारखी गुंडाळलेली आणि मऊ असतात, तेव्हाच एक छोटं निळं फुलपाखरू, चिलाडेस पांडवा, त्यांवर अंडी घालतं. मुंग्यांची ये-जा दिसली की समजा अळ्या आल्या. मी फवारत नाही, हाताने वेचतो. पाती कडक झाली की अळ्या त्यांच्या वाटेला जात नाहीत.