प्रा. स्ट्युअर्ट फ्रीडमन यांची मांडणी गावात राहणाऱ्या नोकरदाराच्या कामाची आहे का?

आपण विचारले आहे की, व्यवस्थापनाचे प्राध्यापक स्ट्युअर्ट फ्रीडमन यांनी नेतृत्व शिकवताना घरसंसाराचा विचार मध्ये का आणला, आणि अमेरिकेतल्या त्या मांडणीचा गावात राहून नोकरी करणाऱ्याला काही उपयोग आहे का. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते, राहते मात्र सासरच्या गावी, जिथे आमची कपाशी आणि तुरीची कोरडवाहू शेती आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देऊ शकेन.

फ्रीडमन हे मुळात संघटनात्मक मानसशास्त्राचे अभ्यासक. मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. करून ते १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन व्यवस्थापनशाळेत रुजू झाले. १९८७ मध्ये त्यांना पहिले मूल झाले, आणि उद्याचे अधिकारी होऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांवर पुढच्या पिढीच्या संगोपनाची काही जबाबदारी आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी वर्गातच मांडला. त्या प्रश्नाने त्यांच्या कामाची दिशा ठरवली असे मी मानते, कारण १९९१ मध्ये त्यांनी व्हार्टनमध्ये नेतृत्वविकासाचा कार्यक्रम आणि काम व जीवन यांच्या एकात्मतेचा अभ्यासप्रकल्प असे दोन्ही उपक्रम एकाच वर्षी सुरू केले. पुढे काही काळ त्यांनी फोर्ड मोटर कंपनीत नेतृत्वविकासाची धुरा सांभाळली आणि तेथून परतल्यावर २००८ मध्ये ‘टोटल लीडरशिप’ हे पुस्तक लिहिले.

त्यांचे एक संशोधन मला फार अस्वस्थ करते. व्हार्टनमधून १९९२ मध्ये पदवी घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के तरुणांनी आपण पुढे मुले होऊ देणार असे सांगितले होते. २०१२ च्या तुकडीत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. मुलांची हौस संपली असे त्यातून निघत नाही, नोकरीच्या धबडग्यात मूल वाढवायचे कसे हेच अनेकांना दिसत नव्हते.

‘समतोल’ हा शब्द फ्रीडमन यांना पटत नाही, कारण तराजूत एक पारडे वर गेले की दुसरे खाली जाणारच, अशी समजूत त्यात गृहीत धरलेली असते. काम, घर, समाज आणि स्वतः ही चार क्षेत्रे ते जॅझच्या चौघा वादकांसारखी मानतात. मी वर्गात खंजेरी भजनाचे उदाहरण देते: बुवा कडवे म्हणत असताना खंजेरी हळू होते, पण ती भजनाबाहेर जात नाही.

आता उपयोगाचे सांगते. त्यांच्या पद्धतीत आधी शंभर गुण चार क्षेत्रांत महत्त्वाप्रमाणे वाटायचे, मग प्रत्यक्षात लक्ष कुठे जाते त्याप्रमाणे पुन्हा वाटायचे. मी स्वतःला वीस गुण दिले होते. दुसऱ्या रकान्यात तिथे शून्य आले, आणि तो कागद मी दोन दिवस कोणाला दाखवला नाही. त्यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या माणसांच्या आपल्याकडून काय अपेक्षा आहेत हे आधी आपण अंदाजाने लिहायचे आणि मग त्यांनाच जाऊन विचारायचे. त्या अपेक्षा पुष्कळदा आपण समजतो त्याहून कमी किंवा वेगळ्या निघतात, असे फ्रीडमन सांगतात. सकाळी साडेसहाच्या एसटीआधी सगळा स्वयंपाक माझ्याच हातचा व्हावा, अशी सासूबाईंची अपेक्षा आहे असे मी नऊ वर्षे धरून चालले होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सयपाकाचं मी पाहून घेतो माय. तू फक्त माया गोळ्या रोज काढून देत जाय, मले ते नावं वाचता येत नाही.” त्या रक्तदाबाच्या गोळ्या अंदाजाने घेत होत्या, हे मला त्या दिवशी कळले.

शेवटची पायरी म्हणजे चारही क्षेत्रांना लाभ होईल असा छोटा प्रयोग. गावातल्या बचत गटाची नोंदवही नेहमी मागे पडलेली असे. दर शनिवारी मी तिथे बसू लागले, मुलीला आकडे वाचायला सोबत नेऊ लागले, आणि गटाच्या परवानगीने, सदस्यांची नावे झाकून, त्याच नोंदी वर्गात रोकड वही शिकवायला वापरू लागले. विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या काल्पनिक पेढीपेक्षा तो हिशेब लवकर कळला. माझ्यासाठी त्यातून निघाले ते परतीचे पायी चालणे, तेवढे पुरेसे आहे.

या मांडणीची एक मर्यादाही सांगायला हवी. प्रयोगासाठी स्वतःच्या वेळेवर थोडा तरी ताबा लागतो, आणि कापूस फुटला की तो ताबा कोणाकडेच राहत नाही. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचे वजन लिहून मजुरी चुकती करेपर्यंत मला दुसरे काही सुचत नाही. किलोच्या दराने वेचणाऱ्या त्या बायांना तर गुण वाटायला कागदही कोणी देत नाही, आणि त्यांच्यासाठी ही पद्धत जशीच्या तशी चालेल असे मी म्हणणार नाही.

आपण नोकरदार असाल तर पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुसरी पायरी करून पाहा. घरातल्या एकाच माणसाला, तो निवांत बसलेला असताना विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.