पाळीनंतर दरवेळी वास येतो आणि फंगसचं क्रीम लावूनही जात नाही, काय असेल?

तुम्ही लिहिलंय की पाळी संपली की पातळ पांढरं जातं, माशासारखा वास येतो, खाज फारशी नाही, फंगसचं क्रीम दोनदा लावून झालं तरी तसंच, आणि रोज इंटिमेट वॉशही वापरता. हे वाचून मला तरी हे फंगस वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण हेच दुखणं माझ्याकडेही पुन्हा पुन्हा येऊन गेलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

फंगस म्हणजे यीस्ट असेल तर मुख्य तक्रार खाजेची असते, नको जीव होतो, लघवी करताना आग होते, पांढरं जातं ते घट्ट, गुठळ्या गुठळ्यांचं, आणि वास जवळपास नसतोच. तुमचं नेमकं उलटं आहे. वास जास्त, खाज कमी, पातळ करडट पांढरं, हे वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिसला बसतं, सगळे बीव्ही म्हणतात. फंगसचं क्रीम बॅक्टेरियावर काय करणार! आणि वास पाळीनंतर किंवा संबंधानंतर वाढतो त्याचं कारण म्हणजे आतलं वातावरण एरवी आंबट असतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 3.8 ते 4.5, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले बॅक्टेरिया लॅक्टिक अॅसिड तयार करून ते तसं ठेवतात. रक्त आणि वीर्य दोन्ही अल्कलाइन, म्हणजे आंबटाच्या उलट, त्यामुळे हा आंबटपणा कमी होतो आणि वास सुटतो. बीव्हीमध्ये मुळात चांगले बॅक्टेरिया कमी झालेले असतात आणि गार्डनरेला वगैरे बाकीची मंडळी माजलेली असतात.

पण माझ्यावर किंवा नेटवरच्या फोटोंवर जाऊ नका, एकदा तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या डॉक्टरांनी स्वॅब घेतला, पीएचची पट्टी लावली तर ती पिवळी न राहता हिरवट झाली, मग काचेवर थोडा स्त्राव घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला आणि तो वास असा काही उसळला की मला टेबलावर पडल्या पडल्या कळलं 😅 त्या मात्र शांतपणे मायक्रोस्कोपकडे वळल्या. त्यात क्लू सेल्स दिसतात, म्हणजे कडेला बॅक्टेरिया चिकटून कडा अस्पष्ट झालेल्या पेशी. वेळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवी जंतूची टेस्टपण करायला सांगा, त्यातही वास येतो आणि पीएच वाढतो, पण ते संबंधातून पसरतं आणि पार्टनरलाही औषध घ्यावंच लागतं.

बीव्हीवर साधारणपणे मेट्रोनिडॅझोल नावाचं अँटिबायोटिक देतात, गोळ्या सहसा 7 दिवस किंवा आत लावायचं जेल 5 दिवस, नाहीतर क्लिंडामायसिनचं क्रीम. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी विचित्र चव येते, मळमळतं, घाबरू नका. दोन दिवसांत वास गेला म्हणून मध्येच सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायचा उद्योगही नको. क्लिंडामायसिनचं क्रीम असेल तर ते तेलकट असतं, लॅटेक्सचा कंडोम त्याने कमकुवत होतो, क्रीम संपल्यावरही काही दिवस त्याच्या भरवशावर राहू नका (हे मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं, पाकिटातला कागद वाचला म्हणून कळलं).

आता ते रोजचं इंटिमेट वॉश. बंद करा बाई. आत पाणी मारून धुणं तर अजिबात नको, योनी स्वतःची सफाई स्वतः करते, आपण धुवून उरलेसुरले चांगले बॅक्टेरियाही घालवतो. बाहेरून साधं पाणी पुरे. वास आला की आपल्याला वाटतं आपणच अस्वच्छ आहोत आणि मग अजून घासतो, पण हे दुखणं अस्वच्छतेचं नाहीच.

परत होतंय याचं टेन्शन घेऊ नका, बीव्ही वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना परत होतं. ठरलेला पुरुष पार्टनर असेल तर डॉक्टरांना त्याच्या औषधाबद्दल मुद्दाम विचारा. आधी नवऱ्याला औषध देऊन उपयोग नाही असंच सांगायचे, पण 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, त्यात पुरुषालाही एकाच वेळी गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं तेव्हा 12 आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. तो कुरकुर करेल, करू दे, सात दिवसांचा प्रश्न आहे.

आणि प्रेग्नंट असाल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा पाळी नसताना रक्त दिसत असेल तर पुढच्या पाळीपर्यंत वाट बघू नका, लगेच दाखवा. तपासणीच्या आधी दोन दिवस आत कुठलंही क्रीम लावू नका, नाहीतर रिपोर्ट गंडतो.