गाडीच्या दाराचं आतलं पॅनल उघडताना आधी स्क्रू शोध

घाबरू नकोस, पॅनल काढून सुटलेलं रेक्झिन चिकटवायचं काम घरी होतं. नवशिक्यांकडून पॅनल तुटतं ते बहुतेकदा एकाच कारणाने: एखादा स्क्रू राहिलेला असतो आणि ते ओढत बसतात. हँडलच्या वाटीत, आर्मरेस्टखाली, छोट्या झाकणांमागे नीट बघ. मग प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडव. एखाद-दुसरी तुटतेच, जादा आणून ठेव.

- पॅनल झटक्यात दूर नेऊ नकोस, मागे बटणांच्या वायरी असतात.
- आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नकोस, पाणी आत येईल.
- सुटलेलं रेक्झिन चिकटवताना जुना गोंद खरवड, नवा रेक्झिन आणि पॅनल दोन्हींना लाव आणि बोटाला लागेनासा होईपर्यंत थांब, मगच चिकटव. मी घाई केली होती, फुगेच फुगे!

भेगा भरणं, रंग जुळवणं सध्या राहू दे.