कुस्तीवाल्याने ज्युदो शिकावा का?

प्रश्न : मुलगा लहानपणापासून तालमीत जातो. आता कॉलेजात ज्युदो शिकायचं म्हणतो. त्याची कुस्ती बिघडेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही बिघडणार. मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो, पुढे पुण्यात ज्युदो शिकलो, म्हणून खात्रीने सांगतो.

सगळ्यात जड जातं ते पडणं. पाठ टेकली की कुस्ती गेली, हे अंगात भिनलेलं असतं. पैलवान पडतापडता वळतो, नाहीतर हात टेकतो. त्या टेकलेल्या हाताने मनगट जातं, खांदा निखळतो. म्हणून ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात : हनुवटी छातीला आणि पाठ टेकताक्षणी सबंध हाताने मॅटवर सपकन थाप. कंटाळवाणं वाटेल, पण ही शिकवणी त्याला अजिबात चुकवू देऊ नका.

पालथं पडून मातीला चिकटणं हा आपला बचाव. ज्युदोत पालथ्या गड्याचा गळा मागून त्याच्याच जाकिटाच्या कॉलरने आवळता येतो आणि ते नियमात बसतं! मला हे पचायला वेळ लागला. कॉलर-बाही धरून बोटांची पेरंही सोलतात.

एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडणं, मात्र ज्युदोच्या स्पर्धेत चालणार नाही. पायाला हात घालण्यावर २०१० पासून निर्बंध आले. धोबीपछाड त्याला कामी येईल. खांद्यावरून फेकायचा सेओई नागे त्याच जातीचा डाव आहे.

वस्तादांना आधी विचारा. जत्रेच्या मैदानांचा हंगाम असेल तेव्हा ज्युदो थोडा कमी करू दे.