बेसबॉलमध्ये पिचरच्या (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या) ३०० विजयांचं एवढं अप्रूप का? आता कोणी तिथवर पोहोचेल का?

मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) इतिहासात फक्त २४ पिचर ३०० पर्यंत पोहोचलेत. साय यंगचे ५११ सोडून द्या, तो जमानाच वेगळा होता. शेवटचा रँडी जॉन्सन, जून २००९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी.

मला मात्र अर्ली विन नावाचा पिचर आठवतो. २९९ वर गाडी अशी अडकली की ३०० वा विजय मिळायला जुलै १९६३ उजाडला. वय ४३. त्या दिवशी त्याने नऊपैकी जेमतेम पाच इनिंग (डाव) टाकल्या, पुढचं सहकाऱ्याने निभावलं. त्यानंतर एकही विजय नाही. कारकीर्द बरोबर ३०० वर संपली.

पाचच का? तर सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या नावावर विजय लागायला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, आणि तो उतरताना संघ पुढे असून ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी लागते. म्हणजे निम्मा खेळ दुसऱ्यांच्या हातात! जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये भन्नाट गोलंदाजी केली (हो, पिचिंगच म्हणा), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळवला, पण विजय फक्त १०.

आता पिचरला लवकर उतरवतात, त्यामुळे ३०० अवघडच. पिचर जस्टिन व्हर्लँडर २६० विजयांच्या पुढे गेलाय, पण चाळिशी ओलांडून.