लहानपणी खेळलेले सैनिक आणि किल्ल्याचे संच पुन्हा जमवायचे आहेत, सुरुवात कशी करू?

आधी आठवणीतला एकच संच ठरवा आणि त्याच्याच मागे लागा. 'जुने सैनिक' म्हणून दिसेल ते घेत गेलात तर कपाट भरेल, पण तो लहानपणचा किल्ला काही उभा राहणार नाही.

सैनिक हातात आला की उलटा करून तळ बघा. कंपनीचं नाव बहुधा तिथेच सापडतं. ब्रिटन्स या इंग्लंडच्या खेळणी कंपनीचे जुने सैनिक शिशाचे, आतून पोकळ. ही पद्धत त्यांनी १८९३ मध्ये आणली आणि शिशाचं उत्पादन १९६६ मध्ये थांबलं. मार्क्स या अमेरिकी खेळणी कंपनीचे किल्ले आणि छावण्या मात्र छापील पत्रा आणि प्लास्टिकच्या. त्यांच्या जुन्या साच्यांतून नंतरही माल निघाला आहे, त्यामुळे नुसता आकार जुळला म्हणून जुन्याची किंमत मोजू नका.

संचात सगळ्यात आधी हरवतात त्या बारीक वस्तू: कुंपणाचे तुकडे, शिड्या, बंदुका. म्हणून अपुरे दोन संच घेऊन एक पूर्ण करणं बरेचदा स्वस्त पडतं. संचाचं मूळ खोकं रिकामं मिळालं तरी सोडू नका!

उडालेला रंग पुन्हा देऊ नका, किंमत तर जातेच, पण तो झिजलेला रंग कुणीतरी मनापासून खेळल्याची खूण असते. मला तरी तसेच सैनिक जास्त आवडतात.

शिशाचे सैनिक ओकच्या लाकडी कपाटात कोंडू नका. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती ते अजिबात देऊ नका.