अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आणि ९४१ दिवस

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळते. तीन आठवड्यांपूर्वी उडी मारून खाली येताना तिचा गुडघा मुरगळला, आतून 'कट्' असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा चांगलाच सुजला. आता सूज उतरली आहे. पुढच्या आठवड्यात सामने आहेत, संघात मुली सातच आहेत आणि प्रशिक्षकांचा आग्रह आहे. अमेरिकी बास्केटबॉलपटू क्ले थॉम्पसन याने दुखावलेल्या गुडघ्यानिशी मैदानात परतून चेंडू बास्केटमध्ये टाकला, ती चित्रफीत मुलगी मला वारंवार दाखवते. माझ्या यजमानांचा प्रश्न वेगळा आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात एखादा खेळाडू जायबंदी झाला तर पेठेतला दुसरा मुलगा उतरतो आणि संघ उभा राहतो. मग थॉम्पसनच्या त्या अमेरिकी संघाची दुसऱ्याच वर्षी इतकी दैना कशी झाली?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, चित्रफीत खरी आहे, पण अपुरी आहे. १३ जून २०१९ रोजी थॉम्पसनचा गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि टोरंटो या संघांत एनबीए या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना होता. २८ गुण केलेला थॉम्पसन उडीवरून खाली येताना कोसळला आणि त्याला आत नेण्यात आले. मात्र फाउलबद्दल मिळालेले आपले दोन फ्री थ्रो आपण स्वतः घेतले नाहीत तर या सामन्यात परतता येणार नाही, हे कळताच तो मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यातून मागे फिरला, लंगडत रेषेवर आला आणि त्याने दोन्ही चेंडू अचूक टाकले. चित्रफीत इथे संपते. गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट, म्हणजे मांडी आणि नडगीची हाडे जोडणारा बंध, तेव्हा तुटलेले होते, आणि तो पुढचा सामना खेळला ९ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ९४१ दिवसांनी. कारण गुडघा बरा होत असताना नोव्हेंबर २०२० मध्ये सराव करताना त्याच्या दुसऱ्या पायाच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंधही तुटला.

त्याच मालिकेतील, वॉरियर्सच्याच केव्हिन ड्युरंटची गोष्टही मुलीला अवश्य सांगा, कारण ती तिच्या परिस्थितीच्या अधिक जवळची आहे. पोटरीच्या दुखापतीमुळे तो महिनाभर बाहेर होता. संघ मालिकेत मागे पडला होता, तेव्हा १० जूनच्या पाचव्या सामन्यात तो उतरला, जेमतेम १२ मिनिटे खेळला आणि त्याचाही अकिलीस तुटला. पुढचा संपूर्ण हंगाम त्याला खेळता आले नाही. त्या रात्री संघाच्या व्यवस्थापकाने पत्रकारांसमोर डोळे पुसत दोष स्वतःकडे घेतला. माझ्या मते त्या सबंध मालिकेतील सर्वात शिकण्यासारखा क्षण तोच होता.

आता आपल्या यजमानांच्या प्रश्नाकडे वळतो. फुटबॉलमध्ये अकराजण असतात, बास्केटबॉलमध्ये पाच, आणि प्रमुख खेळाडू ४८ पैकी पस्तीसएक मिनिटे मैदानात असतो. त्यामुळे एक गेला की पाचवा हिस्सा जातो, आणि केवळ त्याचे गुण जातात असेही नाही. वॉरियर्सचा स्टीफन करी दूरवरून अचूक नेम साधतो म्हणून प्रतिस्पर्ध्यांना त्याच्यामागे तीन गुणांच्या रेषेबाहेर धावावे लागते आणि बास्केटखाली इतरांना मोकळी जागा मिळते. तो नसला की तेच बचावपटू आत गर्दी करून उभे राहतात आणि राहिलेल्या चौघांचा खेळही आक्रसतो. सलग पाच वर्षे अंतिम फेरी गाठलेल्या या संघातून ड्युरंट ब्रुकलिनच्या संघात गेला, थॉम्पसन दुखापतीमुळे बाहेर राहिला आणि नव्या हंगामाच्या चौथ्याच सामन्यात, ३० ऑक्टोबर २०१९ रोजी, करीचा डावा हात मोडला. पेठेतून मुलगा बोलवावा तसा खेळाडू तिथे बोलवता येत नाही. वेतनावर मर्यादा असते, आणि त्या उन्हाळ्यातील एका करारामुळे वॉरियर्सवर ओलांडताच न येणारी मर्यादा पडली होती. नवख्यांना घेऊन खेळावे लागले. कोरोनाने खंडित झालेल्या त्या हंगामात ६५ पैकी १५ सामने जिंकून संघ ३० संघांत शेवटचा आला. तरीही थॉम्पसनला लवकर उतरवण्याची घाई कोणी केली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जून २०२२ मध्ये बॉस्टनला हरवून वॉरियर्स पुन्हा विजेते झाले, तेव्हा तो त्या संघात होता.

मुलीविषयी स्पष्टच लिहितो. 'कट्' असा आवाज आणि काही तासांत आलेली सूज ही लिगामेंट तुटल्याची नेहमीची लक्षणे आहेत, आणि मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते. सूज उतरणे म्हणजे लिगामेंट जुळणे नव्हे. असा गुडघा सरळ चालताना साथ देतो आणि झटकन वळताना सुटतो. त्यात गुडघ्याच्या आतली कूर्चेची गादीही फाटू शकते. जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो का, हे तिला विचाराच, पण ती 'नाही' म्हणाली तरी अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा हाताने तपासून, गरज भासल्यास एमआरआय काढून परवानगी देईपर्यंत तिला मैदानात उतरू देऊ नका. प्रशिक्षकांशी आपण स्वतः बोला. सात मुलींच्या संघात 'मी खेळत नाही' असे म्हणण्याचा भार तिच्या एकटीवर टाकू नका.